खांब दादाचे, तारा बारकीच्या

पाण्याचा टँकर मागे घेताना गुरुवारी कुंपणाचे पाच खांब गेले. ड्रायव्हरने खाली उतरून बघितलं, मान खाजवली आणि "हे आधीच गेलेले होते" असं म्हणून तो निघून गेला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खांब बाहेरून धडधाकट दिसत. पण आतली सळई गंजून फुगली होती आणि तिने सिमेंटला आतूनच तडे दिले होते. धक्का निमित्ताला लागला.

शुक्रवारी आणि शनिवारी सगळं तसंच पडून राहिलं. चारही तारा तुटून वाटेवर पसरल्या होत्या. दादा दिवसातून तीन-चारदा तिथे जाऊन उभा राही आणि हात न लावता परत येई. तारा त्याच्या नव्हत्या.

वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, वाटणीपत्रात तसं लिहूनच ठेवलं होतं. पुढची जागा आणि वजनकाटे दुरुस्तीचं वर्कशॉप दादाला, मागचं घर बारकीला. मागच्या घराला स्वतःचा रस्ता नव्हता, म्हणून दादाच्या जागेच्या कडेने आठ फुटांची वाट बारकीला कायमच्या वहिवाटीसाठी. वाटेच्या एका बाजूला कमरेइतकं खोल उघडं गटार, दुसऱ्या बाजूला दादाचं अंगण, आणि अंगण व वाट यांच्यामध्ये बावीस खांबांचं कुंपण. त्याची देखभाल दोघांनी करायची, ती अशी: खांब दादाचे, तारा बारकीच्या. वकील हसला होता. म्हणाला होता, असं कलम मी आजवर लिहिलेलं नाही, यातून भांडणं होतील. आप्पा म्हणाले होते, "होऊ देत. भांडायला तरी समोर यावं लागेल."

तेव्हा बहीणभाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आप्पा गेल्यावर दोन महिन्यांनी बारकी वर्कशॉपच्या दारात येऊन म्हणाली, "तिसरा खांब हलतोय. तार ताणता येत नाही." अकरा वर्षांतलं तिचं ते पहिलं वाक्य. दादाने हातातलं पारडं खाली ठेवलं आणि पहार घेऊन तो बाहेर आला.

त्याला आता तेहतीस वर्षं झाली होती. दादा सत्तर वर्षांचा होता आणि बारकी चौसष्टाव्या वर्षीही बारकीच होती.

रविवारी सकाळी भाचा आला. बारकीचा एकुलता एक मुलगा. दूरच्या शहरात इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम करणारा. दादाने त्याला मुद्दाम फोन करून बोलावून घेतलं होतं. "सगळ्यांसमोर बोलायचंय," एवढंच सांगितलं होतं. भाच्याने मागच्या घरी बॅग टाकली आणि तो आईला घेऊन पुढे आला. पडलेल्या तारांवरून येताना तिने त्याचा दंड घट्ट धरला. आई इतक्या वर्षांनी आपल्याला धरून चालतेय, याचंच त्याला बरं वाटलं.

बैठक वर्कशॉपमध्येच भरली, कारण खुर्च्या तिथे जास्त होत्या.

"त्या काट्यावर बसू नकोस," चहा आणता आणता वहिनी भाच्याला म्हणाली. "मागे एक पाहुणी बसली, तर तुझ्या मामांनी तिला तिचं वजन सांगून टाकलं. ती पुन्हा आली नाही."

"तिनेच विचारलं होतं," दादा म्हणाला.

"तिने चहात साखर किती, ते विचारलं होतं."

भाचा हसला. बारकीही हसली, पण कप कुठे ठेवलाय ते आधी बोटांनी चाचपून मग.

दादा उभा राहिला. बसून बोलता आलं असतं, पण त्याला उभं राहावंसं वाटलं.

"कुंपण काढून टाकायचं," तो म्हणाला. "पाच पडलेत, उरलेले सतराही काढू. वाट तुझी ती तुझीच, बारके. कागदावर आहे ती कागदावर राहील. पण मध्ये हे काटे कशाला? कोणाला कोणापासून अडवायचंय आता? अंगण एकच करू. हवं तिथून ये, हवं तिथून जा."

तीन दिवस त्याने हे भाषण मनात घोळवलं होतं. शेवटी आणखी एक वाक्य होतं, 'तेव्हा माझं चुकलं होतं,' असं. ते तेवढं बोलायचं राहिलं. पण बाकीचं सगळं नीट बोलून झालं होतं, आणि तो बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"नको," बारकी म्हणाली.

"नको म्हणजे?"

"तू खांब घाल. तारा मी ओढून घेते."

बारकीला दादाचं तोंड दिसत नव्हतं. तिला त्याच्या शर्टाचं एक बटण दिसत होतं आणि त्याच्याभोवती पांढुरकं धुकं. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांच्या कडा खाल्ल्या होत्या. मध्ये चहाच्या बशीएवढा गोल उरला होता, तोही दरवर्षी थोडा थोडा लहान होत होता. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू, असं डॉक्टर दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते. त्याच आठवड्यात तिने कुंपणाची सगळ्यात वरची काटेरी तार काढून साधी, गुळगुळीत तार बसवली. तारा तिच्या होत्या, त्यामुळे कोणी का म्हणून विचारलं नाही. मग पुस्तकबांधणीचा जाड दोरा घेऊन तिने त्या तारेवर गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे पुढे फुटकी फरशी. दोन म्हणजे इथे गटार वाटेत घुसलंय, तारेला चिकटून चाल. तीन म्हणजे फाटक. फाटकाबाहेर भिंतीला हात लावून तिसरं दार छापखान्याचं. तिथे ती एकतीस वर्षं बांधणी करत होती. ते काम बोटांचं होतं. पानं मागेपुढे झालेलं तिचं एकही पुस्तक परत आलं नव्हतं.

गुरुवारपासून मात्र ती कामावर गेली नव्हती. सर्दी झाली असं तिने कळवलं होतं.

"आई, मामा स्वतःहून म्हणतोय," भाचा म्हणाला. "इतक्या वर्षांनी. आणि तू नको म्हणतेस? कशासाठी?"

"कुंपण बरं असतं."

"कोणासाठी बरं? चोर तर फाटकातूनच येतील."

"बघा," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "सांगत होते मी. तुम्ही तीन दिवस आरशासमोर भाषण करताय, आणि वन्संना तुमच्यापेक्षा तार जवळची."

"अगं, गप."

"का गप? माझ्या दारातल्या काट्यांकडे बघत तेहतीस वर्षं भांडी घासलीत मी. खिडकी उघडली की तार."

दादा खाली बसला. त्याच्या बसण्याचा आवाज बारकीला ऐकू आला, आणि त्यावरून त्याला किती लागलंय हे तिला कळलं. तोंड बघायची गरज नव्हती.

"मला काय वाटतं," भाचा म्हणाला, "कुंपण असो नाहीतर नसो, तू इथे एकटी राहायचं आता काही कारण नाही. खोली तयार आहे. मी आलोच आहे तर चल ना सोबत."

"हे बरोबर बोललास," दादा म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "माझ्या अंगणात यायचं नसेल तर मुलाकडे तरी जावं माणसाने."

दोघं एका बाजूला झाले होते. बारकी उठली. "मी घरी जाते," म्हणाली आणि दाराची चौकट धरून बाहेर पडली.

वहिनी कप घेऊन स्वयंपाकघरात आली. तिच्या मनात होतं की आता नळाचा आवाज मोठा करायचा आणि कोणाशीच बोलायचं नाही. पण तिने सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन घालून काढली होती, आणि कान मध्येच बंद करता येत नाहीत. शुक्रवारी बारकीने तिला फोनवर सर्दीचं सांगितलं, तेव्हाच तिला खटकलं होतं: सर्दीत 'न' आणि 'म' असे स्वच्छ येत नाहीत. आता तिला वाटेवरच्या चपला ऐकू येत होत्या. चालल्या, चालल्या, आणि थांबल्या.

वहिनीने नळ बंद केला. चपला पुढे जाईनात, मागेही येईनात.

तिने खिडकीतून बघितलं. बारकी आठव्या खांबापाशी उभी होती. तिथपर्यंत तारा शाबूत होत्या. तिथून पुढे पन्नास फूट काहीच नव्हतं. तिचा डावा हात तारेवर होता. उजवा हात समोर, हवेत, पसरलेल्या बोटांनी काहीतरी हुडकत होता. तिने एक पाय पुढे टाकला, पडलेल्या तारेत चप्पल अडकली, तिने पाय मागे घेतला. मग ती नुसती उभी राहिली.

वहिनी ओल्या हातांनीच बाहेर आली.

"वन्सं, काही पडलं का?"

"नाही हो. सहज थांबले."

"माझ्याकडे बघा जरा."

बारकीने मान वळवली. तिची नजर वहिनीच्या कानाच्या जरा बाहेर जाऊन थांबली. आवाजाच्या दिशेने वळलेली मान होती ती. वहिनीने आपला हात हळूच वर केला आणि बाजूला नेला. नजर तिथेच राहिली.

"किती दिवस?" वहिनीने विचारलं.

बारकीने तार आणखी घट्ट धरली.

"किती दिवस, विचारतेय."

"दोन वर्षं."

वहिनीने तारेला हात लावला. एक गाठ लागली. पुढे सरकवल्यावर दोन गाठी लागल्या, शेजारी शेजारी. तिथून खाली बघितलं तर गटार दीड हातावर होतं.

"आणि मी सगळ्यांना सांगत होते, दोरा उरतो म्हणून तुम्ही तारेला नटवता," ती म्हणाली.

"ऐकलं होतं मी. कपडे वाळत घालायला तार बदलली, हेही तुम्हीच सांगायचात. मला सोयीचंच होतं ते."

"चार दिवस घरात बसलात?"

"सर्दी होती."

"सर्दीबिर्दी काही नव्हती." वहिनीचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की हा मला आजच्या बसने घेऊन जाईल. दादाही म्हणेल, जा. कोणाचं चुकणार नाही हो त्यात. सगळे मायेनेच करतील." बारकीने तार सोडली नव्हती. "मला फक्त उद्या कामावर जायचंय. एवढंच पाहिजे मला. कोणाला बोलू नका, वहिनी."

वहिनीने पदराला हात पुसले. मग बारकीचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "चला परत. चहा अर्धा टाकून आलात, असं सांगू."

भाच्याला वाटलं, मामी आईला समजावून घेऊन आली. म्हणून वहिनी जे बोलली ते त्याला आधी कळलंच नाही.

"मी विचार केला," ती म्हणाली. "कुंपण पाहिजे. मला पाहिजे."

"तुला?" दादा म्हणाला. "आत्ता तर म्हणत होतीस, भांडी घासताना तार दिसते."

"दिसू दे. सवय झालीये. अंगण माझं आहे. उद्या कुंपण गेलं की छापखान्याचे लोक येतील, कागदाच्या हातगाड्या येतील, कोणीही कुठूनही जाईल. मला नाही चालायचं. पाचही खांब घाला, होते तिथेच."

"तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या बहिणीला चार शब्द बरे बोलतोय, आणि तुला हातगाड्या आठवतात?"

"आठवतात."

"एवढं छोटं मन आहे तुझं? मला माहीतच नव्हतं."

"आता माहीत झालं."

भाचा मामीकडे बघत राहिला. लहानपणी सुट्टीत तो तिच्याच मांडीवर झोपायचा. "मामी, तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती," तो म्हणाला. एरवी तो तिला 'ए मामी' म्हणायचा.

वहिनी चमचा कपात फिरवत होती. तिचा आवाज एकाच पट्टीत होता. फोन लागत नाही म्हणून हजारो लोकांनी तिला हजार वेळा शिव्या घातल्या होत्या, आणि तेव्हाही तिचा आवाज असाच असायचा.

"नसेल अपेक्षा," ती म्हणाली. "खांब मात्र घालायचे."

"तुझ्या माहेरच्यांनी तुला हेच..."

"दादा, बास," बारकी म्हणाली. "वहिनींना एक शब्द बोलायचा नाही. मला दिसत नाही."

वहिनीने चमचा खाली ठेवला. "वन्सं, मी सांभाळलं असतं," ती पुटपुटली.

"माहितीये. म्हणूनच."

दादाने आयुष्यभर ग्रॅमचे भाग मोजले होते. त्याच्या तोंडून आलं ते तेच: "म्हणजे किती दिसत नाही?"

"तुझ्या शर्टाचं दुसरं बटण दिसतंय. अर्धं तुटलेलं आहे. तोंड हवं असेल तर मान वर करावी लागते, मग बटण जातं."

दादाने खाली बघितलं. बटण अर्धं तुटलेलं होतं.

मग बारकीने सगळं सांगितलं. तार, गाठी, फरशी, गटार. एखादं पुस्तक कसं बांधतात ते सांगावं तसं, पायरी पायरीने. भाचा ऐकता ऐकता उठून उभा राहिला होता.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "मी रोज फोन करत होतो. आज काय केलंस, विचारत होतो."

"आणि मी खरंच सांगत होते. केलं तेच."

"मग आता तर प्रश्नच मिटला. त्या गटाराच्या कडेने मी तुला एक दिवसही चालू देणार नाही. आजच चल."

मघाशी दादा भाच्याच्या बाजूने होता. आता आपण कुठल्या बाजूला आहोत ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"तुझ्याकडे सहावा मजला," बारकी म्हणाली. "तुझ्या लिफ्टची बटणं मला पाठ आहेत. डावीकडची रांग, खालून दुसरं, की तळमजला. मागच्या वेळी मी एकटी उतरले होते, तू कामावर गेल्यावर. दार उघडलं. बाहेर आले. आणि तिथेच उभी राहिले. मग परत वर आले."

"का? कोणी काही म्हटलं?"

"नाही रे. सगळे चांगले आहेत. पण उतरल्यावर मी जाऊ कुठे?"

भाच्याकडे उत्तर होतं. बाग आहे, दुकानं आहेत, बाकं आहेत. त्याने ते मनातल्या मनात म्हणून बघितलं.

"आणि इथे कुठे जातेस?" त्याने विचारलं, पण भांडणाच्या सुरात नाही.

"कामाला."

तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "मामा, जुने बुंधे उपटायला पहार आहे का?"

"दोन आहेत," दादा म्हणाला.

खड्डे घेण्यात दुपार गेली. भाच्याने बस सोडली आणि ऑफिसला दोन दिवसांची रजा कळवली. त्याने आईला शाबूत तारेजवळ पाच वेळा चालायला लावलं, तिचा तळवा कुठे येतो ते टेपने मोजलं आणि पाचही आकडे वहीत लिहिले. "आपली तार सव्वा इंच उंच आहे," तो म्हणाला. "खांदा दुखत असेल तुझा."

"दुखतो," बारकी म्हणाली. "मला वाटलं, वयाने."

"आणि त्या गटारावर फरश्या टाकून घेऊ. ते वाटणीपत्रात कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही," दादा म्हणाला. "आप्पा विसरले."

"मग माझं."

चौथ्या खड्ड्याला दादा एकटाच होता. बारकी शेजारी तारेचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसली होती, गंजलेले तुकडे बोटांनी वेगळे करत. भाचा नवे खांब आणि सिमेंट आणायला गेला होता.

"माझं चुकलं होतं," दादा म्हणाला. तो खड्ड्यात बघत होता.

"कधी?"

"तेव्हा."

बारकीची बोटं थांबली नाहीत. "मीही काही कमी बोलले नव्हते," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "खोल घे. मागच्या वेळी दीड फुटावर आटोपलं होतंस."

संध्याकाळी पाचही खांब सरळ रेषेत उभे राहिले. पण सिमेंट ओलं होतं. "आत्ता तार ताणली तर खांब कलतील," दादाने सगळ्यांना बजावलं. "सात दिवस तरी हात लावायचा नाही. आठही चालतील."

सात दिवस. हा हिशोब कोणी केलाच नव्हता. दादा म्हणाला, मी सोडायला येईन. बारकी म्हणाली, तू मला हाताला धरून आणलंस की छापखान्यात दुसऱ्या मिनिटाला कळेल, आणि तिथे कधी सांगायचं ते मी ठरवणार. भाचा म्हणाला, दोरी बांधू. दादा म्हणाला, बांधणार कशाला, ओल्या खांबांना? वहिनी कणीक मळत होती.

सोमवारी पावणेनऊला बारकीने दार उघडलं, तेव्हा पायरीपाशी कोणीतरी उभं होतं. चपला घालून, पिशवी घेऊन.

"मला तिकडेच जायचंय," वहिनी म्हणाली.

"कुठे?"

"तिकडेच. दोरा आणायचाय, बटण लावायला. दोन बायका हातात हात घालून गप्पा मारत चालल्या तर कोणी बघत नाही."

तिने कोपर पुढे केलं. तेहतीस वर्षं एकाच फाटकातून ये-जा करून त्या दोघी कधी बरोबर बाहेर पडल्या नव्हत्या. बारकीने कोपर धरलं. दोघी निघाल्या, आणि दहा-बारा पावलांतच बारकीचा श्वास लागला.

"वहिनी, तुम्ही फार भरभर चालता हो."

"मग सांगायचं ना," वहिनी म्हणाली, आणि तिने पाऊल लहान केलं.